पाटी कोणी काढायची?

...तर मी ओटा पुसून फडकं पिळलं, खिडकीतल्या कुंडीला उरलेलं पाणी घातलं, आणि तेच ओलं फडकं घेऊन बाहेरच्या खोलीतल्या वस्तू पुसायला लागले. टीव्ही पुसला, रेडिओ पुसला, ते मशीन मात्र त्याच्यावरच्या पाटीला धक्का न लावता पुसलं. तेवढ्यात बेल वाजली.

थांबा. मान द्यायचा राहिलाच. घरून ठरवून आले होते की आधी सगळ्यांची नावं रीतसर घ्यायची, पण उभी राहिले आणि ती सकाळच तोंडात आली. तर आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मुख्य व्यवस्थापक साहेब आणि पाहुणे मंडळी, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे निवृत्त होणारे आमचे भाऊजी, त्यांच्या सौभाग्यवती, आणि समोर बसलेले लिफ्ट दुरुस्ती खात्यातले सगळे लहानथोर, सगळ्यांना माझा नमस्कार. मी कोण, हे बऱ्याच जणांना माहीत आहे. ज्यांना नाही त्यांना सांगते. भाऊजींनी उभ्या आयुष्यात ज्यांच्या जोडीने लिफ्टा दुरुस्त केल्या, त्यांची मी बायको. हे गेल्या वर्षी गेले.

आज मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. खुर्च्यांवर ठेवलेलं छापील पत्रक मी आल्याआल्या वाचलं. मला हातात पडेल ते वाचायची सवय आहे. शाळा लवकर सुटली, वाचन सुटलं नाही. त्या पत्रकात लिहिलंय, सत्कारमूर्तींचे छंद : वाचन व चिंतन.

वाचन?

भाऊजी, इतकी वर्षं दर रविवारी तुम्ही आमच्याकडे येत होता. माझ्या कपाटात पुस्तकंच पुस्तकं. त्यातलं एक पुस्तक तुम्ही हातात घेतलंत, तेही चहाचा कप टेकवायला. त्याच्या मुखपृष्ठावर अजून गोल डाग आहे. चिंतनाचं म्हणाल तर तेही मी पाहिलंय. दोन पोक्त माणसं जमिनीवर मांडी घालून टीव्हीसमोर बसलेली, तोंडं उघडी, आणि माझा चहा पुढ्यात थंड होतोय. "डावीकडून आला!" "मारतोय ना!" "अरे, माझ्या डोक्यात मारलास!" असं ते चिंतन चालायचं.

हसलात, बरं वाटलं. पण पत्रक छापणाऱ्याला मी दोष देणार नाही. व्हिडिओ गेम हा शब्द छापायला जड जातो हे मला कळतं. मुख्य व्यवस्थापक साहेब सुट्टीच्या दिवशी गाडीत काठ्यांची पिशवी टाकून लांब जातात, हिरवळीवर एक चेंडू एका भोकात घालतात आणि दमून घरी येतात. त्याला छंद म्हणतात. तुमच्यातले कितीतरी जण दुसऱ्यांनी खेळलेल्या मॅचेस बघून स्वतःचा घसा बसवून घेतात. त्याला आवड म्हणतात. आणि आमचे हे घरातल्या घरात, कुणाला त्रास न देता, राक्षस मारत होते तर तो पोरकटपणा! साहेब, राग मानू नका. ह्यांच्या शोकसभेत तुम्ही म्हणालात की ते "बालसुलभ वृत्तीचे" होते. मी घरी जाऊन शब्दकोशात पाहिलं. अर्थ काही वाईट नाही. पण तुमचा तेव्हाचा आवाज शब्दकोशात सापडला नाही.

आता खेळाविषयी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मशीन आमच्या मुलाचं. तो मोठा झाला, शिकला, दूर देशी नोकरीला गेला. इतरांच्या घरी बापाची मिळकत मुलाकडे जाते, आमच्याकडे मुलाचं खेळणं बापाकडे आलं. खेळ दोघांनी मिळून खेळायचा. पडद्यावर दोन बुटके. एकाच्या हातात कंदील, तो ह्यांचा. दुसऱ्याच्या हातात हातोडा, तो भाऊजींचा. दोघांनी मिळून एक किल्ला सर करायचा. कंदीलवाला वर चढून साखळी ओढून धरतो, तेव्हा खालचं दार उघडतं. हातोडावाला आत शिरतो आणि पलीकडून वरच्याला वाट करून देतो. एकट्याने काहीही होत नाही. तुमच्या धंद्यासारखंच. हे वर मशीन रूममध्ये, भाऊजी खाली लिफ्टच्या शाफ्टमध्ये. "थांब" म्हटलं की थांबायचं, "सोड" म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. घरीही तेच. अर्ध्या हाताच्या अंतरावर बसून एकमेकांना "सोड!" म्हणून ओरडायचे. मी मटार सोलता सोलता म्हणायचे, "अहो, तो बहिरा नाहीये."

मशीन जुनं झालं, त्याची आठवण गेली. म्हणजे बंद केलं की खेळ पुन्हा पहिल्यापासून. मग या दोघा शहाण्यांनी काय करावं? मशीन बंदच करायचं नाही! वीज गेली तर म्हणून बॅटरी जोडली. आणि वर एक पाटी टांगली. ती तुमचीच आहे साहेब. भांडारात एक कमी भरत असेल तर शोधू नका. दुरुस्तीच्या वेळी बटणावर टांगतात ती, "माणूस आत आहे. चालू करू नये." ह्यांनी "चालू" खोडून वर "बंद" लिहिलं. माझ्या बाहेरच्या खोलीत कित्येक महिने ती टांगलेली आहे. "माणूस आत आहे. बंद करू नये." आलेले पाहुणे चपला काढायच्या आधी ती वाचायचे आणि मग माझ्याकडे कीव येऊन बघायचे.

त्या पाटीचा नियम मला तुमच्यापैकी कुणी शिकवायला नको. जेवताना दुसरं ऐकलंय काय मी? ज्याने टांगली त्यानेच काढायची. साहेब असो नाहीतर साहेबांचे साहेब, दुसऱ्याने हात लावायचा नाही. एकदा एका मोठ्या पाहुण्यासाठी तेव्हाच्या साहेबांनी ह्यांना हुकूम सोडला, "काढा ती पाटी, लिफ्ट चालू करा." हे म्हणाले, "पाटी माझी नाही." साहेब ओरडले, नोकरी घालवीन म्हणाले. हे पुन्हा म्हणाले, "पाटी माझी नाही." पाहुणे घामाघूम होऊन जिन्याने वर गेले. त्या वेळी भाऊजी खाली शाफ्टमध्ये होते. त्यांना आतून यातलं काही ऐकूही आलं नाही. ते साहेब आज इथे नाहीत म्हणून सांगते. असते तरी सांगितलं असतं.

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी हे मला म्हणाले, "पाटी काढू नकोस. रविवारी खेळू." मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार?

तो रविवार आला, पुढचेही आले. भाऊजी आले नाहीत. माझ्या कानावर मात्र आलं. तुमच्या कँटीनमधून आमच्या घरापर्यंत बातमी यायला फार वेळ लागत नाही. कुणी तरी भाऊजींना हसून विचारलं, "काय, आता गेम कुणाबरोबर?" तर भाऊजी म्हणाले, "छे, तोच खेळायचा. मी आपला सोबतीला बसायचो."

सोबतीला!

भाऊजी, गुच्छामागे तोंड लपवू नका, फुलं नाकात जातील. सोबतीला बसणाऱ्या माणसाचा अंगठा सोलवटतो का? सोबतीला बसलेला माणूस राक्षसाने खाल्लं म्हणून माझ्या घरी न जेवता निघून जातो का? हसणाऱ्यांची भीती तुम्हाला वाटली. हरकत नाही, मलाही वाटते. पण ह्यांनी तुमच्यासाठी नोकरीवर पाणी सोडायची तयारी ठेवली होती, आणि तुम्ही त्यांच्यासाठी कँटीनमधला एक फिदीफिदी हशा सोसला नाहीत.

तर ती बेल. दारात भाऊजी, हातात या समारंभाचं निमंत्रण. पायपुसण्यावर उभे.

"आत या."

"नको वहिनी, घाईत आहे."

"निवृत्त होताय आणि घाई कसली?"

तेवढ्यात त्यांनी कान टवकारले. "अजून चालू आहे ते?"

"पाटी आहे ना."

"काढून टाका की वहिनी. करा बंद. आता काय त्याचं?"

"पाटी माझी नाही," मी म्हटलं.

 ते बुटाकडे बघत राहिले. मग जिना उतरता उतरता वळून म्हणाले, "हॉलमध्ये त्या खेळाबिळाचं काही काढू नका हं. साहेब लोक असतात."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. चहा घेणार का, एवढंच विचारलं, त्याचं उत्तर अजून यायचंय.

मुलगा फोनवर म्हणतो, "आई, बंद कर ते, किती दिवस घरघर ऐकणार?" शेजारीण म्हणते, मन गुंतवू नये. मी काही वेडी नाही. माणूस गेला हे मला रोज सकाळी एकच कप विसळताना कळतं. पण कधीतरी फडकं मारून झालं की मी टीव्ही लावते. ते दोघे किल्ल्याच्या शेवटच्या दारापाशी उभे असतात. कुणी हात लावला नाही की हातोडावाला जांभया देतो. आणि कंदीलवाला पाय आपटत वाट बघतो. मी थोडा वेळ बघते आणि टीव्ही बंद करते. मशीन नाही.

तुमच्या नियमाला एक पोटकलम आहे. तेही माझ्याच टेबलावर, माझ्याच पोळ्या खाताना, भाऊजींनी नव्या मेकॅनिकना समजावलं होतं. पाटी टांगणारा येऊच शकत नसेल, तर त्याच्या जोडीदाराने काढायची. पण आधी त्याने स्वतः आत जाऊन बघायचं. दुसऱ्याच्या सांगण्यावर नाही. बाहेर पायपुसण्यावर उभं राहून तर नाहीच.

म्हणून या सगळ्यांसमक्ष सांगते. रविवारी या. तुमच्या सौभाग्यवतींनाही आणा. त्या माझ्याशी बोलत बसतील, नाहीतर आपल्याला हसतील. ते शेवटचं दार पार करा, आत काय आहे ते बघा, आणि मग पाटी काढा. बटण तुम्ही बंद करायचं. मी करणार नाही. आणि पुढच्या वेळी कुणी पत्रक छापलं तर त्यांना छंद खरा सांगा.

आयोजकांनी मला बोलू दिलं, त्याबद्दल त्यांचे आभार. बहुतेक ते आता पस्तावले असतील. साहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, त्यांचे विशेष आभार. सत्कारमूर्तींना पुढच्या आयुष्यात उत्तम प्रकृती आणि भरपूर रविवार लाभोत. भाषण करायची सवय नाही. कुठे जीभ घसरली असेल तर पदरात घ्या. जिथे मुद्दाम बोलले तिथे मात्र माफी मागत नाही.

एकच राहिलं. दोघांशिवाय ते दार उघडत नाही, आणि साखळी कोण धरणार, असं भाऊजी आत्ता मनात म्हणत असतील. भाऊजी निमंत्रण देऊन गेले, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी घरातलं आवरलं, बस धरून जुन्या व्हिडिओ गेमच्या दुकानात गेले आणि मालकाला हा खेळ लावायला सांगितला. आणि तिथल्या मोठ्या मोठ्या बाप्यांच्या रांगेत उभी राहून कंदीलवाल्याला चालवायला शिकले.