हौसावहिनींची दुसरी गिरणी

मंडळी, सोसायटीच्या या आवारात आज उभं राहायलाही जागा नाही. सानपाड्यातले शेजारी आलेत, मार्केटमधले माथाडी बंधू आलेत. मी मार्केटात एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. बोलायची सवय नाही, आणि आज तर वहिनींची शोकसभा. तरी बोलतो. हौसावहिनींची गोष्ट रडत सांगायची नाही.

नामदेवराव, तुम्ही समोर बसलात. पोती उचलता उचलता तुमची पाठ गेली, तेव्हा सगळे तुम्हा नवराबायकोला म्हणाले, साताऱ्याला परत जा. वहिनी गेल्या नाहीत. पतपेढीचं कर्ज काढलं आणि खालच्या गाळ्यात पिठाची गिरणी टाकली.

एकदा दळण घ्यायला गेलो, तर मला विचारलं, "भावजी, ही गिरणी म्हातारी झाली की काय करायचं?"

मी म्हटलं, "वहिनी, यंत्र झिजतं. म्हणून आम्ही दर वर्षी त्याची किंमत थोडी कमी धरतो. त्याला घसारा म्हणतात."

"मग झिजंल तेवढं पैसं बाजूला टाकाय पायजेत की."

आणि टाकायला लागल्या. इकडे पतपेढीचा हप्ता, तिकडे पोस्टात नव्या गिरणीचे पैसे. नामदेवराव, तुम्ही चिडायचात. आधी कर्ज फेड म्हणायचात. वहिनी म्हणायच्या, "कर्ज फिटंल तवर ही झिजंल. मग परत कर्ज काढायचं व्हय?"

किती सण जुन्या साडीवर गेले, ते आम्ही शेजाऱ्यांनी पाहिलंय.

कर्ज फिटलं. आणि पुढच्याच दिवाळीत, भाजणीच्या डब्यांची रांग लागलेली असताना, मोटार जळली. जातंही तडकलं. गिरणी संपली, मंडळी. आम्हाला वाटलं, आता पुन्हा पतपेढी.

वहिनी पोस्टात गेल्या. दोन दिवसांनी टेम्पोतून नवी कोरी गिरणी उतरली. रोख. कुणाची सही नाही, कुणी जामीन नाही. नामदेवराव, तुम्ही नारळ फोडलात आणि सगळ्यांदेखत म्हणालात, "हौसा, तू जिंकलीस."

वहिनी हसल्या. पदर खोचला आणि पहिला डबा ओतला.

ती गिरणी आज त्यांचा मुलगा संजय चालवतो. घरावर एका पैशाचं देणं नाही. वहिनी गेल्या, पण हरून गेल्या नाहीत. हे आपण विसरायचं का? नाही, मंडळी.

त्यांना खाली घातलेली मान आवडत नसे. तेव्हा उठू या. मान वर ठेवू या, आणि थोडा वेळ कुणीच काही बोलू नये.

हौसावहिनी, आमचा नमस्कार घ्या.