मिडलवेटचा पहिला नंबर

मला सांगा, मोठ्या मुश्किलीने बाळ झोपलंय आणि नवरा-दीर गेल्या तीस वर्षांतल्या मिडलवेट बॉक्सरांचे नंबर लावतायत, तर कुठली आई गप्प बसेल?

"आवाज आला तर दोघंही जिन्यात," मी बजावलं. जरा जास्तच कडक झाले की काय, असं वाटलंच.

मग भांडण हातवाऱ्यांनी सुरू झालं. दिराने आपल्या लाडक्याचा डावा ठोसा करून दाखवला, नवऱ्याने वाकून चुकवला. तेवढ्यात अर्नाळ्याहून सासूबाई आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "अगो, भाव भाव मारामारी करतात!"

बाळ किंचाळत उठलं.

"आई, सगळ्यात भारी बॉक्सर कोण ते ठरवत होतो," नवरा पुटपुटला.

रडणारं बाळ त्याच्या हातात देत सासूबाई म्हणाल्या, "मग जो पयला आला, त्याला बोलव झोपवायला!"