मालिशचा क्लेम

अगं, नवऱ्याच्या ऑफिसची हेल्थ स्कीम आहे ना, उपचारांचा खर्च परत देणारी, तिथल्या बाईशी मी स्वतः फोनवर बोलले. बाळंतपणात माझी कंबर अशी धरली होती, की बाळाला उचलताना ते हातातून निसटेल अशी धास्ती वाटायची. म्हणून इथे लंडनमधल्या हाउन्सलोच्या सुमनमावशींकडून तेल लावून, शेक देऊन मालिश करून घेतली आणि क्लेम टाकला.

बाई म्हणाली, "मालिश स्कीममध्ये बसत नाही. फिजिओ बसतो."

म्हटलं, बरं. गेले फिजिओकडे. त्याने मला वाकवून, वळवून पाहिलं आणि विचारलं, "कंबर छान सुटत चाललीय. काय करताय तुम्ही?"

"आमच्या मावशी मालिश करतात."

"मग तीच चालू ठेवा."

मी लगेच त्या बाईला फोन लावला. "तुमचा फिजिओच मालिश करा म्हणतोय. आता तरी द्या पैसे."

ती शांतपणे म्हणाली, "मालिश करा हे त्याने सांगितलं, त्याचे पैसे देऊ. मालिशचे नाही."

म्हटलं, चालेल. आणि बाळाला कडेवर घेऊनच फोन ठेवला.