नवऱ्याच्या तोंडाची हळद

...आणि वर ती पार्लरवाली मला म्हणते काय, "सर, तोंड हलवू नका, क्रीम काम करतंय!" अहो, करतंय म्हणजे? मला कळत होतं की ते काम करतंय! गालावर मुंग्यांची मिरवणूक निघाली होती! तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी माझी हळद, तिसऱ्या दिवशी लग्न, आणि मी बसलोय उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या ब्युटी पार्लरात, एसीत, खुर्चीत आडवा, डोक्याला गुलाबी फडकं बांधून! मी अनंता, शिरगावात रेती-सिमेंटचा सप्लाय करणारा माणूस! जन्मात तोंडाला साबणाच्या पलीकडे काही लागलेलं नाही, आणि तो साबणसुद्धा कधी कधी कपड्यांचा!

हे सगळं कुणामुळे? वहिनीमुळे. आमच्या धर्मेशदादाची बायको. तिने मोबाईलवर कुठल्या तरी बाईचा व्हिडिओ बघितला, आणि तेव्हापासून तिच्या अंगात प्रिझर्व्हेटिव्ह नावाचं वारं शिरलंय. शॅम्पू घ्यायचा, बाटली उलटी करायची, "शी! प्रिझर्व्हेटिव्ह!" पावडर घ्यायची, डबा उलटा, "शी!" दुकानदार बिचारा वहिनी दिसली की बाटल्या स्वतःच उलट्या करून ठेवतो. मी म्हटलं, वहिनी, आपला आजा मिठागरात राबला, घरात वर्षभर खारवलेलं म्हावरं खाल्लं आपण, मग मीठ म्हणजे तरी काय? टिकवायचंच औषध ना ते? तर म्हणे, "भावजी, ते पोटात जातं. हे स्किन आहे!" अहो, पोट काय भाड्याने आणलंय?

तर वहिनीने हे पार्लर शोधलं. बाहेर बोर्ड, आत बोर्ड, संडासाच्या दारावर बोर्ड... शंभर टक्के नॅचरल, नो प्रिझर्व्हेटिव्ह! आतल्या मॅडमने एक भलंमोठं काचेचं भांडं काढलं. त्यात पपई, दही, मध, काकडी आणि देव जाणे काय काय. "सर, ये सब हम खुद बनाते हैं, एकदम ताजा." मी विचारलं, ताजं म्हणजे कधीचं? तर म्हणे, "अभी दिवाली के टाइम ही बनाया!" अहो, लग्न माझं माघात! दिवाळीचं दही माघात ताजं? आमच्या घरी परवाची कढी आई म्हशीला घालते!

आणि त्या भांड्यात बोटं कुणाकुणाची? माझ्या आधी एक आजी झाल्या, त्यांच्या आधी एक कॉलेजची पोरगी, मुरुमांनी फुललेली. तिच्या गालावरून बोट उठलं ते थेट भांड्यात, भांड्यातून आजींच्या हनुवटीवर, हनुवटीवरून परत भांड्यात! सगळ्या अंबरनाथ-बदलापूरचा चेहरा त्या एका भांड्यात! पण नो प्रिझर्व्हेटिव्ह!

मी वाकून बघितलं, तर वर हिरवी हिरवी लव. मऊ. मांजराच्या पिल्लासारखी. मी म्हटलं, मॅडम, हे काय? मॅडम हसली, चमच्याने ती लव आत ढवळली, आणि म्हणाली, "सर, ये हर्ब्स हैं!" हर्ब्स! आमच्याकडे पावावर आले की त्याला बुरशी म्हणतात आणि पाव फेकतात, इथे चेहऱ्यावर थापतात आणि वर पैसे घेतात! वास तर असा, की मी नाक दाबलं, तर वहिनी कानाशी येऊन, "भावजी, वास येतो म्हणजेच असली आहे. नकली असतं तर गुलाबाचा आला असता." ...काय डोकं आहे बघा! त्या हिशोबाने आमच्या गल्लीतलं गटार सगळ्यांत असली!

सकाळी उठलो. डावा डोळा उघडला. उजवा उघडेना. आरशात बघितलं तर गाल नाकाच्या पुढे, ओठ वड्यासारखे, कपाळभर पिवळे फोड. आई पाणी घेऊन आली, मला बघितलं, आणि विचारते, "कोण हवंय?"

डॉक्टरकडे पळालो. त्यांनी हातमोजे घातले... मला बघून हातमोजे! विचारलं, काय लावलंत? वहिनी छाती काढून पुढे, "नॅचरल होतं डॉक्टर, नो प्रिझर्व्हेटिव्ह!" डॉक्टर म्हणाले, "म्हणूनच तर सडलं, बाई. थोडं घातलं असतं तर यांचं तोंड वाचलं असतं." गोळ्या दिल्या, मलम दिलं, आणि सांगितलं, आठ दिवस तोंडाला दुसरं काही लावायचं नाही, पाणीसुद्धा नाही.

अहो, पण संध्याकाळी माझी हळद!

आता आमच्यात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. मांडवात हजार माणूस, आणि तुळशीआत्या धवलारीन. धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन लग्न लावणारी बाई, तिच्यापुढे डॉक्टर कोण? तिला सांगितलं, आत्या, फक्त पायाला, हाताला लाव. आधी पायाला, गुडघ्याला लावली, मला वाटलं सुटलो. तर आत्या, "आरं बाला, नवऱ्याच्या तोंडाला हलद नाय, मंग ती हलद कसली?" आणि पाचही बोटं माझ्या फोडांवर! मी बोंबललो, बँडवाल्यांना वाटलं नवरा खुशीत आलाय, त्यांनी अजून जोरात वाजवलं. आणि तोच हात परत हळदीच्या ताटात! झालं, पार्लरचंच भांडं ते!

तेवढ्यात कुणी तरी माझा फोटो नवरीकडे पाठवला. आता ती ताटातली उष्टी हळद नवरीकडे जायची असते, ती लागल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. सासूबाईंचा फोन आला. स्पीकरवर. हजार माणसांत. "तुमचे पोराच्या तोंडाला रोग हाय! ती हलद आमचे पोरीला नाय लावायची! नाय म्हंजे नाय!" इकडून आत्या, "हलद नाय, तर उद्या लगीन नाय!" दोन्हीकडून आवाज चढले. बँड थांबला. तुम्हाला सांगतो, या विनितासाठी मी तीन वर्षं थांबलो होतो हो! आणि तुटतंय कशावरून, तर दिवाळीच्या दह्यावरून! रडावं म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले होते तोंडाला पाणीही लावू नका!

मग फोनवर विनिता आली. शांत. म्हणाली, "आत्या, त्यांच्या पायाला हळद लागली ना?" "हा, पयली पायालाच लावली." "मग पायाची काढून पाठवा."

मागून सासूबाई, "आगो, पायाची हलद तोंडाला लावशील?" विनिता म्हणाली, "तोंडाची लावली तर उद्या मीसुद्धा तशीच दिसेन. लग्न नको का लावायला?"

आत्याने माझ्या पावलांवरची हळद खरवडून वाटीत घेतली, बँड लावून नवरीकडे नेली, दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. विनिता अशी झळकत होती, की काय सांगू! मी शेजारी, अर्धा डोळा उघडा. बायका तिला विचारत होत्या, "आगो, काय लावलंस गो?" आणि ही सरळ सांगते, "यांचे पाय!"

आता वहिनी सगळ्या शिरगावात सांगत फिरतेय, बघा, पायाची हळद, नो प्रिझर्व्हेटिव्ह! रविवारी दारात चार बायका येऊन बसल्या होत्या, हळद कालवलेल्या वाट्या घेऊन. मी कशाला वाद घालू? पाय धुतले, आणि खुर्चीवर जाऊन बसलो.