‘पाया’ सातमध्ये नवीन काय आहे

— नाही गं, पगाराचा प्रश्नच नव्हता. पगार तिकडेही बरा मिळाला असता. मला वाटलं होतं, परत आले की निदान माझं नाव कुणाला फोड करून सांगावं लागणार नाही. नेदरलँड्समध्ये शिकत होते तेव्हा कुणी कॅली म्हणायचं, कुणी कल्यान — प्राध्यापक तर नुसतेच माझ्याकडे बघून मान हलवायचे — आणि मी मनात म्हणायचे, घरी गेले की ‘कल्याणी शिवणीकर’ एका दमात म्हणणारी माणसं भेटतील. भेटली की! एका दमात म्हणतात. आणि मग थांबतात. पुढचं ऐकायला. शिवणीकर म्हणजे मूळचे कुठले? वडिलांचं नाव काय? सदाशिव पेठेत खोली बघायला गेले, तर आनंदीबाईंनी — माझ्या घरमालकीण — भाड्याच्या आधी हेच विचारलं. ‘सुखदेव’ म्हटल्यावर म्हणाल्या, “असू दे, आम्ही काही तसलं मानत नाही.” काय मानत नाही, ते मात्र सांगितलं नाही. — बस ना तू, उभी का? चहा घे. मशिनचा आहे, फार अपेक्षा ठेवू नकोस.

तर पूर्वा — पूर्वाच ना? — आज माझा शेवटचा दिवस आणि तुझा पहिला, आणि संध्याकाळपर्यंत माझं सगळं काम तुझ्या डोक्यात उतरवायचं, असं चेतनसरांचं फर्मान आहे. केटी म्हणायचं याला इथे, नॉलेज ट्रान्सफर. मी बोलायचं, तू मान डोलवायची. तुला सांगितलं असेल, मी ‘वैयक्तिक कारणासाठी’ सोडतेय म्हणून? — वाटलंच. बरं. ‘पाया’ म्हणजे काय ते माहीत असेलच: पतसंस्था, शाळा, कारखाने, बिल्डर, या सगळ्यांचे प्रोग्रॅम ज्याच्यावर उभे राहतात ते आपलं सॉफ्टवेअर. नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला मटणाच्या पायांचा रस्सा आठवला, आणि मी तसं भर मीटिंगमध्ये म्हटलंही. एकही जण हसला नाही. तर नवी आवृत्ती, सातवी, तयार आहे, फक्त अडकली आहे. आवृत्ती-प्रमुखानं मंजुरी दिल्याशिवाय ती बाहेर पडत नाही, नियमच तसा आहे. आवृत्ती-प्रमुख म्हणजे आजपर्यंत मी. उद्यापासून तू. हे बघ, हे हिरवं बटण.

आता सातमध्ये नवीन काय, ते नीट ऐक, ग्राहक तुलाच फोन करणार आहेत. सर्व्हर चालू व्हायला आधी खाली जाऊन वडापाव खाऊन यावं लागायचं, आता कप टेबलावर ठेवेपर्यंत चालू होतो. एकदम हजारो माणसं आली — दहावीचा निकाल, प्रवेश, असलं काही — तर आधी त्याचा जीव जायचा, आता जात नाही, ते काम फारच सुंदर केलंय, सूरजनं केलंय, ओळख करून घे त्याच्याशी, बोलत नाही पण चांगला आहे. सहाव्या आवृत्तीत ‘हे भाग लवकरच जाणार’ असं सांगून ठेवलं होतं, ते आता खरोखर काढलेत, त्यामुळे जुना प्रोग्रॅम आधी चालवून बघितल्याशिवाय कुणाला हो म्हणू नकोस. लोक आपली सूचना वाचत नाहीत, आणि मग आपल्यालाच ओरडतात. आणि हे — हे माझं. मराठी नावांची क्रमवारी. आधी नावं इंग्रजी स्पेलिंगनं लागायची — काळे आणि काले एकाच ढिगात, आणि कोऱ्हाळ्यांच्या ‘ऱ्ह’चा तर पार चुरा. आता ळ जिथे असायला हवा तिथे आहे, हच्या नंतर. हसू नकोस, फार भांडले मी त्याच्यासाठी. “ग्राहकानं मागितलंय का?” म्हणाले. म्हटलं, त्यांना वाटतं असंच असतं, म्हणून मागत नाहीत. प्रत्येक माणसाला आपल्या अक्षरावर आपली जागा मिळाली — केवढी बावळट होते बघ — मला खरंच वाटलं होतं, यासाठीच तर आले परत.

आणि त्याच्या खालची ओळ वाच. मोठ्यानं वाच. — बरं, मी वाचते. ‘ग्राहक-ओळख अधिक समृद्ध : सणांच्या शुभेच्छा आता आपोआप.’ गोड आहे ना? नाव आणि पत्ता द्यायचा, मग पाया ठरवणार, कुणाला गणपतीचा मेसेज, कुणाला ईदचा, कुणाला नाताळचा. शुभेच्छांना कोण नाही म्हणेल? मीही म्हटलं नाही. पण शुभेच्छांबरोबर एक रकाना येतो. ‘गट’. अ, ब, क, ड. हे काय, विचारलं, तर म्हणे ते अंतर्गत आहे. अंतर्गत म्हणजे काय? अंतर्गत म्हणजे विचारू नये. पण बिल्डरांना बरा माहीत होता! त्यांनीच मागून घेतला होता — कुणाला बागेकडची इमारत दाखवायची, आणि कुणाला फोनवरच ‘सगळं बुक झालं’ म्हणायचं. जात हा शब्द कुठेही नाही हं. मी शोधला. सगळ्या कोडमध्ये शोधला. एकदाही नाही. इतकं स्वच्छ काम आपल्याकडे दुसरं कुठलंच झालेलं नाही.

मग एक मीटिंग झाली, सगळ्यांनी आपापली नावं टाकून बघायची. काय मजा! केयूरनं टाकलं — अ. शेफालीनं टाकलं — ब, “अय्या, हो की, कसं काय ओळखलं?” चेतनसर दारात उभे, पोराचा निकाल बघायला आलेल्या बापासारखे. सूरजची पाळी आली तर तो एकदम उठला, फोन आलाय म्हणाला, बाहेर गेला. फोन वाजला नव्हता. मग मी. कल्याणी शिवणीकर, सदाशिव पेठ. अ. “हिचं काय सांगायला हवं?” चेतनसर म्हणाले, “ते दिसतंच की!” आणि टाळ्या. एकही चूक नाही, म्हणाले. — चूक होती. त्या खोलीत एकच चूक झाली होती, आणि ती कुठे बसलीय हे फक्त मला माहीत होतं. — मी? मी काय म्हणणार? हसले. हो, हसले गं! तिकडे विद्यापीठात याच विषयावर माइक धरून तावातावानं बोलणारी मी, इथे एका अक्षराला हसले. छान हसले. दात दिसतील असं.

म्हणजे — हे तुला सांगायचं नव्हतं. केटीत नाहीय हे. पण आता निघालंच आहे. आमचे आजोबा छप्पन्न साली अकोल्याहून नागपूरला दीक्षेला गेले होते. कळलं ना? बाबा टपाल खात्यात होते, माझ्या जन्माच्या आधी त्यांनी आडनाव बदललं, रीतसर, गॅझेटात छापून. गावाचं नाव लावलं. लहानपणी मला वाटायचं लपायला बदललं, आणि मला त्याचा राग यायचा, मी त्यांना एकदा म्हटलंही तसं. तर म्हणाले, “लपायला नाही बाई. मुलाखतीत पहिला प्रश्न समोरच्यानं कागदाकडे न बघता तुझ्या तोंडाकडे बघून विचारावा, एवढ्यासाठी.” एवढंच. पहिला प्रश्न. पुढचं पुढे.

तर मीटिंग संपल्यावर मी चेतनसरांकडे गेले. वाईट माणूस नाहीत ते, हे लक्षात ठेव, माझ्या तापात त्यांच्या घरून डबा आला होता. म्हटलं, सर, हे चुकतं. “कुठे चुकतं?” म्हटलं, चुकतं. मुळात हे असूच नये, पण चुकतंही. “अगं, मग एक उदाहरण दे ना, आजच सुधारू. यंत्र चुकांमधूनच शिकतं.” आणि मी उभी. आता गंमत बघ. गप्प बसले तर मी अ, फुकटची अ, बागेकडची इमारत. आणि खरं सांगितलं तर? तर पाया हुशार होणार! ‘कर’च्या मागे डोकावायला शिकणार. ज्याच्या ज्याच्या बापानं गॅझेटात नाव छापून घेतलं, त्या सगळ्यांना एकेक करून बाहेर काढणार, आणि शिकवलं कुणी? मी. बाबांच्या नावानं. तेवढ्यात सरच म्हणाले, “वडिलांचं नाव पण मागू या का? अचूकता वाढेल.” मला आनंदीबाई आठवल्या. मनात म्हटलं, बाई, तुमची नोकरी गेली.

संध्याकाळी बाबांना फोन केला. सगळं सांगितलं. टाळ्यांचंही. मागे कुकरची शिट्टी झाली, मग म्हणाले, “तू काय म्हणालीस?” म्हटलं, काही नाही. “बरं केलंस,” म्हणाले. बरं केलंस! अगं, मी फोन केला होता त्यांनी रागवावं म्हणून. एवढी शिकवली, विमानात बसवली, तिथं तुला बोलता येत नाही का — असं काहीतरी म्हणतील म्हणून. तर बरं केलंस, आणि जेवलीस का. इतकी वर्षं टपाल खात्यात ते किती वेळा असंच बरं करत आले असतील, हे मला त्या ‘बरं’मध्ये ऐकू आलं, आणि मी फोन ठेवून दिला.

— काय? — नाही, ऐकलं मी, पण पुन्हा म्हण. — मग मूळ आडनाव काय होतं, असंच ना.

सहज विचारलंस. हो, माहीत आहे, सहजच. आनंदीबाईंनीही सहजच विचारलं होतं. तुझा चेहरा बघ ना, किती निर्मळ आहे. — नको, माफी नको मागूस, त्यानं काय होणार. ऊठ. झाली केटी. लॅपटॉप इथे ठेवते, पासवर्ड उद्या आल्या आल्या बदल, आणि ते बटण कुठे आहे ते तुला दाखवलंय. तो रकाना काय करतो तेही आता तुला माहीत आहे, नंतर माहीत नव्हतं म्हणू नकोस. कारण मला माहीत होतं — त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चेतनसर माझ्या टेबलाशी आले, तुझ्यासारखेच, हसत, “काय मग, उदाहरण देतेस ना?” आणि मी म्हटलं, उदाहरणही देणार नाही आणि मंजुरीही देणार नाही. ते माझं ‘वैयक्तिक कारण’. — जा. जाताना दार लोटून घे.