कुटुंबाच्या नावावरची गाठ

— नाही हो डाक्तर, तिला आणता येणार नाही, कितीदा सांगू? आमच्या घरची बाई परपुरुषापुढे छाती उघडी करून बसणार? म्हणून तर मी आलोय. लिहा — गोदूबाई, माझं कुटुंब, वय पन्नास, राहणार कल्याण. कल्याणला दवाखाना नाही का? आहे की! पण तिथला कंपौंडर आमच्याच आळीतला. सकाळी औषध घ्यावं आणि संध्याकाळी ते पारावर ऐकावं. त्यापेक्षा खाडीतून मचव्यात बसून ठाण्याला आलेलं बरं. आणि मी सांगतो ते नीट ऐका — मामलेदार कचेरीत अठ्ठावीस वर्षं कारकून होतो, दुसऱ्याच्या वतीनं म्हणणं मांडण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता.

तर गाठ डावीकडे. इथे, बोंडाच्या मागे — माझ्या अंगावर दाखवतो. बोराएवढी होती, आता सुपारीएवढी. टणक, हलवली तर हलत नाही, आणि बोंड आत ओढलं गेलंय. वैद्यबुवांचे आठ महिने लेप झाले, जळवा झाल्या. त्यांनी तरी कुठे पाहिली? मी सांगायचो, ते डोळे मिटून ऐकायचे — कुटुंबाचं दुखणं असंच सांगतात आमच्यात. तशी ती फारशी दुखत नाही, पण आंघोळ झाल्यावर जानवं घासलं, की कळ पार खांद्यापर्यंत —

हसलात का?

बायकांना जानवं नसतं, हे मला शिकवू नका. मंगळसूत्र म्हणायचं होतं. बोलताना चुकतो माणूस... बंडी? माझी बंडी कशाला काढू? — बरं. बघा. बघा एकदाचं! हळू... हो, काखेतही आहे एक. म्हणजे पुरुषालाही होतो हा रोग? मला वाटलं, मलाच... क्वचित? या रोगाच्या शे-दीडशे रोग्यांत एखादा पुरुष? वा! चारचौघांत उठून दिसावं असं काही नाही म्हणून साहेबानं जन्मभर बढती दिली नाही, आणि आता बघा!

कापायचं. उद्याच, क्लोरोफॉर्म देऊन. आणि न कापलं तर? — समजलं, मान हलवू नका. कापूनही उठेनच असं नाही, हेही समजलं. नाही, मरणाला भीत नाही मी — खोटं कशाला बोलू, भितो. पण डाक्तर, आळीला वाटतं गाठ तिला आहे. घरात लेप शिजायला लागला, वास बाहेर जाणार, कुणासाठी म्हणून सांगायचं? बाप्याला बायकांचा रोग! पोरंटोरं मागे लागली असती. ती म्हणाली, माझं नाव सांगा. मी सांगितलं — लगेच सांगितलं हो, एकदा नाही म्हटलं नाही. तेव्हापासून रोग लागेल म्हणून तिला कुणी जवळ करत नाही. या चैत्रात हळदीकुंकवाला एका घरचं बोलावणं नाही. दारात उभी राहून नटूनथटून जाणाऱ्या बायका बघते, आणि मी शहाणा म्हणतो, पुढच्या वर्षी जाशील. पुढच्या वर्षी! मी तुमच्या टेबलावरून उठलो नाही, तर विधवेला कोण बोलावणार आहे?

ते नाव खोडा. त्र्यंबक महादेव फणसळकर लिहा. पुरुष. रोगाचं नाव जाड अक्षरात लिहा. पण उद्या नको — अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवं चालतात, अजून पाच दिवस आहेत. आळीत घरोघर जातो, बंडी काढून दाखवतो, गाठ माझी आहे म्हणून. पाच दिवसांत रोग वाढला तर वाढू दे, मला नका सांगू. सहाव्या दिवशी काय कापायचं ते कापा — आता बाजूला व्हा, मचवा सुटेल माझा.