घोड्याची लाथ

दवाखान्याच्या बाकावर नंबराची वाट पाहता पाहता शिंपीणबाईंचे कान शेजारच्या नवरा-बायकोकडे लागले.

"डॉक्टर काय म्हणाले, नीट सांगा."

"घोड्याने छातीत लाथ घातली, तेव्हाच हृदयाच्या रक्तवाहिनीला आतून चीर गेली होती. म्हणून हृदय कमजोर झालं, धाप लागते."

"हे इतक्या वर्षांनी कळतंय. तेव्हा तुमच्या मालकांनी काय दिलं? मलम."

"मुका मार आहे म्हणाले. मलाही तसंच वाटलं."

"तुम्हाला कायम मालकांसारखंच वाटतं. मग तबेल्यात डॉक्टर कुणासाठी आणला होता?"

"घोड्यासाठी. लाथ मारताना त्याचा पाय दुखावला असेल, अशी मालकांना धास्ती."

"एक्स-रे काढला?"

"पायाचा. लगेच."

"तेव्हा घोड्याला कुणी धरलं होतं?"

"मीच. दुसऱ्या कुणाला तो हात लावू देत नाही."